इन्व्हर्टर संपला त्या दुपारी

रत्नागिरीजवळ भाट्याला आमचं घर आहे, समुद्राच्या अगदी कडेला. अलीकडे वादळाचे इशारे वरचेवर येऊ लागले, तेव्हा मी एक पिशवी भरून ठेवली. औषधं, बॅटरी, काडेपेटी, कोरडा खाऊ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. ह्यांना दम्याचा जुना त्रास, म्हणून वीज गेली तरी वाफेचं मशीन चालावं यासाठी इन्व्हर्टरही बसवून घेतला. पण तयारी करणारी मी एकटी आणि ती मोडणारे दोघं. बॅटरीतले सेल ह्यांनी काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. चिक्की सासूबाईंनी चहाबरोबर संपवली, वर मऊ पडत होती म्हणाल्या. देवासमोर मी जपाला बसते की गाऱ्हाणी सांगायला, माझं मलाच कळेनासं झालं होतं.

वादळाच्या आदल्या रात्रीच वीज गेली. इन्व्हर्टर मशीनसाठी राखून ठेवा, असं मी दोघांनाही बजावलं होतं. सकाळी मी पडवीत शिरलेलं पाणी उपसत होते, आणि आत खिडक्या बंद म्हणून उकडतं, म्हणून मायलेक दोन्ही पंखे लावून बसलेले. बाहेर माड मोडतील असा वारा आणि घरात पंखे. दुपारी इन्व्हर्टर बसला, आणि थोड्याच वेळात ह्यांना धाप लागली. हातातल्या पंपाने भागेना. फोन लागेना. त्यातच आमच्या आवारातलं सुरूचं झाड रस्त्यावर आडवं झालं. ते तोडून घ्या म्हणून मी कित्येक पावसाळे ह्यांच्या मागे लागले होते. आता डॉक्टरकडे जायची वाटही बंद.

मी देव्हाऱ्यासमोर गेले, पण हात जोडले नाहीत. म्हटलं, "मला जमलं तेवढं मी केलं. ह्या दोघांपुढे माझं काही चालत नाही. आता तू बघ."

बाहेर हॉर्न वाजला. पडलेल्या झाडाशी एक टेम्पो अडला होता. दापोलीकडचा मंडपवाला, कुठलासा रद्द झालेला कार्यक्रम आवरून सामान घेऊन निघालेला. मागे विजेचा खांब पडल्यामुळे त्याला परतताही येईना. भिजून, वैतागून तो झाडाकडे बघत उभा होता. मी धावत जाऊन ह्यांची अवस्था सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, गाडीत जनरेटर आहे, मंडपाचा. लावू काय?"

बाहेर गोठ्याच्या छपराखाली त्याने जनरेटर ठेवला, खिडकीतून वायर आत घेतली, आणि मशीन सुरू झालं. ह्यांची धाप हळूहळू कमी झाली. बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य काय, तर "पंखा पण लाव गो जरा." सासूबाई त्या माणसाला जेवलास काय म्हणून विचारत होत्या.

वारा पडल्यावर वाडीतल्या लोकांनी झाड तोडलं, तसा तो निघून गेला. गडबडीत नावही विचारायचं राहिलं. त्याच झाडाने त्याला आमच्या दारात थांबवलं होतं, हे मला तो गेल्यावर उमगलं. कोणी योगायोग म्हणतात. मी वाद घालत नाही.

शांत झालेलं मन घेऊनच देवाला शरण जायचं असतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या दुपारी मी गेले ती दात-ओठ खात, कंबरेवर हात ठेवून. त्याने तेवढंही गोड मानून घेतलं.