लग्नाच्या तारखेचा रिकामा रकाना

आळशी माणसाच्या हातून चुका होतात त्या साध्या. मी केली तशी चूक करायला जिव्हाळा लागतो.

पौडजवळच्या एका गावात मी भाड्याने राहतो. खाली घरमालकांचं बिऱ्हाड, वर मी आणि माझा लॅपटॉप. मालकीणबाईंना मी काकू म्हणतो. अधूनमधून त्यांचा डबा वर येतो, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून मी त्यात चमचाभर साखर घालून देतो. माझ्याकडून परतफेड तेवढीच. त्यामुळे गावच्या वधू-वर मंडळाने नव्या वेबसाइटचं काम फुकटात माझ्या गळ्यात मारलं, तेव्हा मी ठरवलं की काकूंच्या मुलाचं स्थळ आपण जातीने घालायचं. मुलगा तिशी ओलांडलेला, कष्टाळू, भाताची खाचरं जीव लावून करणारा. पण ‘शेती करतो’ म्हटलं की मुलीकडच्यांना अचानक दुसरं काम आठवायचं.

मंडळाच्या जुन्या प्रोग्रॅममधली सगळी स्थळं एका एक्सएमएल फाइलमध्ये आली होती. म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी खुणा: इथे उंची सुरू, इथे संपली. ज्यांचं लग्न झालं त्यांच्या नोंदीत लग्नाची तारीख होती. बाकीच्यांच्या नोंदीत त्या खुणाच नव्हत्या. मी सगळं डेटाबेसमध्ये ओतलं आणि वेबसाइटला बजावलं, तारीख आलेली नसेल त्यालाच दाखव.

काकूंच्या मुलाची नोंद मात्र मी हाताने लिहिली. एकही खूण गाळली नाही. लग्नाच्या तारखेच्याही दोन्ही खुणा घातल्या आणि मधली जागा मोकळी सोडली. भरेल लवकरच, असं मनात म्हणत.

डेटाबेसला मनातलं कळत नाही. त्याच्या लेखी डबाच न येणं वेगळं आणि रिकामा डबा येणं वेगळं. रिकामी का होईना, तारीख आलीय ना? मग गडी लग्न झालेला! सगळ्या यादीत ज्याची मी खास काळजी घेतली, तेवढा एकच माणूस गायब झाला. माझ्या पडद्यावर तो दिसत होता, कारण वेबसाइट चालवणारा म्हणून मला सगळेच दिसायचे.

दिवाळीला वेबसाइट सुरू झाली, लग्नसराई आली, फोन काही वाजेना. काकू एकदा म्हणाल्या, “भाऊ, माज्या भनीला मोबाइलवर आमचं पोरगं घावतच न्हाई.”

“त्यांना नीट शोधता येत नसेल,” मी म्हणालो. हे वाक्य मला अजून जेवताना आठवतं.

उन्हाळ्यात मुलाने खाचरं अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला दिली आणि महाळुंग्याच्या एका सोसायटीत गेटवर नोकरी धरली. शेतकऱ्याला कुणी पोरगी देत न्हाई म्हणाला. निळ्या गणवेशात तो मोटारसायकलला किक मारताना दिसला आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी माझ्या मोबाइलवर, इतर लोक शोधतात तसं, त्याला शोधलं. नव्हता. पुन्हा शोधलं. नव्हताच.

दुरुस्तीला एक ओळ लागली. खाली जायला मात्र संध्याकाळ झाली.

“काकू, वेबसाइटने तुमच्या मुलाचं लग्न झालंय असं धरलं होतं.”

“लगीन? कुणासंगं?”

मी खुणा, रकाना, डबा, सगळं सांगितलं. “चूक माझी,” हेही सांगितलं. तेवढ्यात मुलगा कामावरून आला. त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

“म्हंजी दिवाळीपासनं मी नवरा हाय व्हय? आन मलाच पत्त्या न्हाई! बायको बरी हाय ना ओ, भाऊ?”

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो. मग बूट काढता काढता तो म्हणाला, “मला वाटलं, माज्यातच काय तरी खोट हाय.”

यावर हसता येईना.

“आता ती शेती खोडा तितली,” काकू म्हणाल्या. “नोकरी लिव्हा.”

मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, “लिव्हा. हाय ते हाय.” मी लिहिलं. एवढा लहान शब्द इतक्या सावकाश मी कधी टाइप केला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात अंगणात फोन वाजला. मुलीचे वडील होते. त्यांचा आवाज असा की गॅलरीत मलाही स्वच्छ ऐकू येत होता.

“घरची शेती हाय का?”

“हाय की. इंद्रायणी लावतो. लावायचो.”

“मग गेटवर कशापायी उभं ऱ्हाता?”

मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याशी धुतलेला डबा घेऊन उभा होतो.

“काय न्हाई,” तो फोनमध्ये म्हणाला, “मदी जरा येळ मोकळा व्हता.”

मी आत गेलो आणि डब्यात साखर भरायला लागलो. झाकण बसेना, तरी भरत राहिलो.