गप्पांचे अडीच तास

तर काल इथवर आलो होतो, की पंधरा दिवसांत गाळा रिकामा करा अशी मालकाची नोटीस आली आणि आपले सलूनवाले काका वकीलबाईंच्या पायऱ्या चढले. तीस वर्षं एकाच गाळ्यात दोन खुर्च्या आणि एक आरसा मांडून बसलेला माणूस. तो गाळा गेला तर काकांनी कात्री घेऊन उभं कुठं राहायचं?

बाईंनी आधीच सांगितलं, "माझी फी तासावर असते." काकांनी मान डोलावली, तीन तासांचे पैसे आगाऊ भरले; डोक्यात मात्र काही शिरलं नव्हतं. त्यात सलूनवाल्याची खोड. समोरचं माणूस अवघडून बसलं की त्याला हसतं करायचं. बाई गंभीर दिसल्या, म्हणून काकांनी गुडघेदुखी काढली, मग व्याह्यांच्या टकलाची हकीकत पहिल्या केसापासून सांगितली. बाईंनी दोनदा नोटिशीवर बोट ठेवलं. काका दोन्ही वेळा वळसा घालून टकलावर आले. बाई शेवटी हसल्या. काका खूश. दुसऱ्या भेटीतही तेच.

मग घरी हिशेबाचा कागद आला. अडीच तास खर्ची पडले होते, नोटिशीच्या उत्तराचा पत्ता नव्हता आणि मुदत परवा संपत होती.

काकांनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा.

"अगं, दाढी करताना मी एवढा बोलतो, कधी कुणाकडून बोलण्याचे घेतले?"

"तुमचं बोलणं कोण विकत घेतंय," काकू म्हणाल्या. "बाईंनी ऐकण्याचे लावलेत. आता उरलाय अर्धा तास. फक्त गाळ्याचं बोला. व्याह्यांचं टक्कल घरी ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी काका पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाईंसमोर बसले. एकेक वाक्य ओठांपर्यंत यायचं, काका त्याची किंमत करायचे आणि परत पाठवायचे. भिंतीवरचं घड्याळ चालूच. पाच मिनिटं गेली, आठ गेली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, उद्या मुदत संपतेय. भाडं कधी थकलं होतं का, एवढं तरी सांगा."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि पिशवी टेबलावर सरकवली.

"कधीच नाही, तीस वर्षांच्या पावत्या आहेत यात. पण बाई, आत्ता मी आठ मिनिटं गप्प बसलो, त्याचे कसे लावणार?"