आधी घास, मग घोट

लांगरी आबांनी गिऱ्हाइकाला ‘काय देऊ’ असं कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की हे दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर उभे राहायचे आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे. पायाला धूळ किती, डोळ्यांत झोप किती, टोपी सरळ की तिरपी. मग आत तोंड करून मला हुकूम सोडायचे, “मालक, एक कॉफी, गूळ-शेंगदाणं.” गिऱ्हाईक कुरकुरायचं, “आबा, मला पेढा पायजे हुता.” आबा म्हणायचे, “तुमी सकाळधरनं उपाशी हाईसा. आधी शेंगदाणं खावा, पेढ्याचं मागनं बघू.” आणि गंमत अशी, की तो माणूस खरोखरच सकाळपासून उपाशी असायचा.

मालक म्हणजे मी. पण ‘मालक’ हा शब्द ते अशा सुरात उच्चारायचे, की दावं तोडून आलेल्या वासराला कुणीतरी हाक मारतंय असं वाटावं.

सांगलीला कॉलेजात असताना एका कानडी माणसाच्या दुकानात मला कॉफीची चटक लागली. पदवी आणि ही चटक घेऊन मी कऱ्हाडला परतलो. वडिलांची, म्हणजे अण्णांची, गुळाची अडत होती आणि माझी गादी तिथे तयार होती. मी तिच्यावर बसलो नाही. मोटारस्टँडजवळ कॉफीचं दुकान काढलं. अण्णा एवढंच म्हणाले, “पाडव्यापातुर चालवून बघ. न्हाई चाललं तर गुमान अडतीवर यायचं.” त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. एकाच घरात राहून, एकाच पंक्तीला जेवून आम्ही ते बंद ठेवलं होतं, हे विशेष.

आमच्याकडे तेव्हा कॉफी दोनच वेळेला व्हायची. कुणाचा उपास असला तर, नाहीतर कुणी तापाने अंथरुणाला खिळलं तर. त्यामुळे लोक माझ्या दुकानात डोकावून, “कोण आजारी हाय का?” असं विचारायचे आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात शिरायचे. त्यात लढाई सुरू होती आणि साखर रेशनच्या कार्डावर गेली होती. मी अडत्याचा मुलगा. मला वाटलं, गुळाला कोण अडवतंय? बाजारच्या दिवशी दुकानात चार माणसं बघून मी मोठ्या उत्साहाने उकळत्या दूध-कॉफीत गुळाचा खडा टाकला. जन्म गुळात गेला, पण उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात चूल बायका सांभाळत आणि गूळ पुरुष विकत, त्याचा हा परिणाम. एका गिऱ्हाइकाने पेल्यात बघून शांतपणे विचारलं, “कॉफी मागितली, खरवस दिलासा व्हय?”

सगळे हसत उठून गेले. कोपऱ्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ तेवढे बसून राहिले. ते म्हणाले, “साखर-गूळ काय बी न घालता एक कप द्या.” मी दिला. त्यांनी तो सावकाश प्यायला आणि मिशा पुसल्या. “कॉफी फस्क्लास हाय, मालक. पर एकली हाय. एकलं माणूस आन एकली कॉफी, दोनी कडू हुत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गृहस्थ खाकी एप्रन बांधून दुकानाच्या दारात हजर. पलटणीत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. आबा मूळचे मलकापूरचे, पण उमेद सगळी पलटणीच्या भटारखान्यात गेलेली, आणि त्यातली कितीतरी वर्षं मद्रासकडे. तिथेच कॉफी त्यांच्या हातात बसली. पेन्शन घेऊन घरी आले आणि सुना चुलीजवळ फिरकू देईनात, म्हणून हात शिवशिवत होते. “पगार न्हाई पायजे,” म्हणाले, “दोन टायमाला कॉफी द्या आन मधी बोलू नका.”

त्यांचा कायदा साधा होता. कॉफीत साखर घालायचीच नाही. गोड असेल ते बशीत, कडू असेल ते कपात. आधी घास, मग घोट, मग गप्पा. कुणी चुकून आधी घोट घेतला, की आबा कवायतीच्या आवाजात म्हणायचे, “पीछे मुड. कप खाली.” तालुका कचेरीतले बडे कारकूनही निमूटपणे कप खाली ठेवायचे आणि पेढ्याचा तुकडा तोंडात टाकायचे. मग घोट घेतल्यावर त्यांचा चेहरा सैल व्हायचा. आबा तेवढ्यासाठीच तिथे उभे असत. “माझं लक्ष कपाकडं नसतंय,” ते मला सांगत, “पयल्या घोटाला भुवया कुठं जात्यात त्ये बघायचं. वर गेल्या तर जोडी जमली.”

अशा भुवया बघून बघून त्यांनी जोड्या लावल्या. शेतकऱ्याला गूळ-शेंगदाणे. पेठेतल्या दुकानदाराला साताऱ्याचा कंदी पेढा, तोही अर्धाच, कारण “अख्खा दिला तर कॉफी कशाला पिईल?” सांगलीहून आलेल्या व्यापाऱ्याला लसणीचं भडंग. उपासाच्या दिवशी रताळ्याचा कीस. एकाने भजी मागितली, तर आबा गंभीरपणे म्हणाले, “भजी चहाची बायकू हाय. दुसऱ्याच्या घरात न्हाई नांदायची.” त्या माणसाने समोर जाऊन चहा-भजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आबांना विचारलं, “मग कॉफीची बायकू कोण?” झालं, तो आमचा कायमचा झाला.

सगळ्यात नामी जोडी मात्र म्हसवडकडच्या एका मेंढपाळाने दिली. तो बाजाराला आला होता आणि संकोचाने दारातच उभा होता. आबांनी त्याला आत घेतलं आणि त्याचं गाठोडं सोडायला लावलं. आत तीन दिवसांची बाजरीची भाकरी. आबांनी ती निखाऱ्यावर कडक भाजली, वर लोण्याचा गोळा फिरवला आणि अर्धी त्याला, अर्धी मला दिली. मी घास खाल्ला, मग घोट घेतला. माझ्या भुवया कुठे गेल्या हे मला आबांच्या मिशीवरून कळलं. पुढच्या बाजारापासून लोक घरची शिळी भाकरी फडक्यात बांधून आमच्याकडे यायला लागले. भाकरी त्यांची, निखारा आणि कॉफी आमची. असं दुकान सबंध कऱ्हाडात दुसरं नव्हतं.

तरी पाडवा जवळ येत होता. अण्णांनी दुकानाचं नाव काढलं नव्हतं. पाडव्याला चार दिवस उरले असताना ते अचानक आले आणि बाकावर बसले. मी आतूनच बघत राहिलो. आबांनी हात पाठीमागे बांधले, अण्णांना न्याहाळलं, आणि कॉफी, शेंगदाणे व गुळाचा खडा पुढे ठेवला. अण्णांनी गूळ तोंडात टाकला आणि त्यांच्या भुवया वर जाण्याऐवजी एकमेकींना भिडल्या.

“ह्यो गूळ कुणाचा?”

“घेतलाय एकाकडनं,” आबा म्हणाले.

“खारट मारतोय.”

“व्हय. तुमचा लय चांगला हाय म्हणत्यात. पर मालकास्नी बापाकडं मागायची लाज वाटती.”

अण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी बघितलं. “अडत्याच्या पोराच्या दुकानात असला गूळ?” एवढं म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी हमालाच्या डोक्यावरून एक ढेप आली, पिवळीधमक. पाडवा आला आणि गेला. अडतीवर बसायची गोष्ट कुणीच काढली नाही, आणि रात्री जेवताना अण्णांनी आपण होऊन विचारलं, “ढेप पुरल का आठवडाभर?” मी खाली मान घालून भात कालवत राहिलो, कारण डोळे भरून आले होते. खारट गूळ आबांनी सगळ्या बाजारात हिंडून मुद्दाम शोधून आणला आणि अण्णांसाठी राखून ठेवला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

लढाई संपली, पुढे साखरही मिळू लागली. मी कॉफीत साखर घालून बघितली, तर गिऱ्हाइकांनीच कप परत पाठवले. आबांचे गुडघे मात्र थकले. एप्रनची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली आणि ते मलकापूरला घरी बसले.

ते अंथरुणावर आहेत असं कळलं, तेव्हा किटलीत गरम कॉफी घेऊन मी गेलो. भिंतीला टेकून बसले होते, मिशी उतरली होती. मी पेला भरून पुढे केला. त्यांनी घेतला नाही. “जोडीला काय आणलंसा, मालक?”

मी काहीच आणलं नव्हतं. एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढून मी नुसती कॉफी घेऊन आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आत्ता गूळ मागून आणतो,” म्हणून उठलो, तर त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. “ऱ्हाऊ दे. दुकानातलं काय तरी सांग.” मालक नाही, तुमी नाही, पहिल्यांदाच.

मी सांगत गेलो. समोरच्या हॉटेलवाल्यानेही आता शेंगदाणे ठेवलेत, ते सांगितलं. एक कारकून कॉफीत भजं बुडवताना पकडला गेला, ते सांगितलं. अण्णा रोज संध्याकाळी येतात आणि आपल्याच गुळाची तारीफ करतात, ते सांगितलं. एकेक गोष्ट ऐकून ते एकेक घोट घेत होते आणि मी, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, पेल्याकडे न बघता त्यांच्या भुवयांकडे बघत होतो. पेला रिकामा झाला, तेव्हा त्या पांढऱ्या भुवया चांगल्या वर गेल्या होत्या.

“आज लय गोड झालीया,” आबा म्हणाले.

मी साखर घातली नव्हती.