लारास आणि लेसुंगची सातवी आवृत्ती

जावा बेटावरच्या सालातिगात कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सची बरीच दुकानं आहेत, पण पोरं जातात ती लारासच्याच दुकानात, आणि बोलणी खाऊन येतात. "प्रबंध उद्या द्यायचा म्हणून आज उगवलास होय? आणि हा समास? कुणी शिकवलं रे असं सोडायला?" असं बडबडत ती त्याची पानं सरळ करते, नीट बांधून देते, वर पाठीवर एक धपाटाही घालते. बाई पंचेचाळिशीची, एकटी, तोंडाने फटकळ. अख्ख्या गल्लीची ती म्बाक, म्हणजे ताई.

या म्बाकचा खरा संसार म्हणजे लेसुंग. लेसुंग म्हणजे आमच्याकडचं भात सडायचं लाकडी उखळ, पण हे लेसुंग कॉम्प्युटरमधलं. ऑपरेटिंग सिस्टीम आहे ती. दमल्याभागल्या मशीनवरही चालणारी, फुकट वाटलेली, कुणीही आत डोकावून दुरुस्त करावी अशी. बनवणारी पाच-सहा माणसं, सगळी आपापलं पोटपाणी सांभाळून राबणारी. पगाराचं नाव नाही. अकरा वर्षांपूर्वी दुकानातलं मशीन व्हायरसने बसलं तेव्हा कुणीतरी लारासला लेसुंग घालून दिलं आणि ही बया त्यातच अडकली. तिला त्यातली एक ओळ लिहिता येत नाही. पण कुणी काय करायचं, कुणाचं कुठे अडलंय, कोण नुसता 'करतो करतो' म्हणतोय, हे बघायला कुणीतरी लागतंच, आणि माणसांच्या हात धुऊन मागे लागणं तिला उपजतच येतं. त्यामुळे नवी आवृत्ती काढायची म्हटली की सगळी सूत्रं हिच्या हातात.

सातवी आवृत्ती तशी छोटीच काढायची ठरली होती. मिरवण्यासारखं काही नव्हतं. छापता छापता प्रिंटर मध्येच रुसायचा, तो सरळ करायचा. आतला गाभा ताजा करायचा. पडद्यावर मेरबाबू डोंगराचं नवं चित्र टाकायचं. आणि रोजे सुरू व्हायच्या आत लोकांच्या हाती द्यायची. रोजे लागले की जो तो आपल्या घरी, आपल्या गावी. मग ईद होईपर्यंत कुणी सापडत नाही. डोंगराकडच्या गावांतली वाचनालयं लेसुंगवरच चालतात, त्यांचे प्रिंटर तोवर नुसतेच कापड घालून झाकलेले.

घोडं अडलं होतं ते जुन्या प्रतीपाशी. लेसुंगच्या दरवेळी दोन प्रती निघायच्या, एक नेहमीची आणि एक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी. ती दुसरी आता कुणी घेत नव्हतं, कारण तसली मशीनंच भंगारात गेली. तरी तिला तयार व्हायला महिना महिना लागायचा, आणि दोन्ही एकदमच काढायची रीत असल्यामुळे चांगली तयार झालेली नेहमीची प्रतही ताटकळत बसायची. ही जुनी प्रत एकहाती सांभाळायचे पाक मर्सुदी. टपाल कचेरीतून निवृत्त झालेले, सत्तरीपार गेलेले, लेसुंगमध्ये पहिल्या दिवसापासून असलेले. पाक म्हणजे बाबा. सगळे त्यांना तसंच हाक मारायचे. जुनी प्रत बंद करावी हे सगळ्यांनाच पटलं होतं. फक्त पाकांना सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

आता, आमच्याकडे मतं मोजायची पद्धत नाही. बसायचं, गोड चहा प्यायचा, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे खायचं, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. वडीलधाऱ्याच्या तोंडावर 'तुमचं नको' असं कुणी म्हणत नाही. आडून सुचवायचं, त्यांनी ओळखायचं. दुकानाच्या माडीवर बैठक भरली आणि पोरांना फाडून खाणारी लारास पाकांसमोर बसल्या बसल्या अगदी शेळी झाली.

"यंदा ना पाक, म्हटलं जरा हलकंच ठेवूया सगळं. फार पसारा नको. नाही का?"

"चांगलंय की," पाक म्हणाले आणि तेम्पेचा तुकडा मिरचीच्या चटणीत बुडवला.

झालं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. समजले म्हणायचे! दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवरच्या गटात पाकांचा निरोप: "जुन्या प्रतीचं काम सुरू केलं. बिस्मिल्ला."

लगेच गिलांगचा फोन. गिलांग दिवसा पतपेढीत नोकरी करतो आणि सगळ्यांनी दिलेले तुकडे जोडून आवृत्ती बांधतो. "म्बाक, आता गेली आपली आवृत्ती ईदपलीकडे! तुम्ही त्यांना नक्की सांगितलंत तरी काय?"

"तू होतास ना तिथे? तू का नाही सांगितलंस? मूग गिळून बसला होतास!"

"मूग कुठले? तेम्पे होतं तोंडात."

"मेल्या, फोन ठेव."

मग लारास केळ्यांचा फणा घेऊन पाकांच्या घरी गेली. तासभर मिरच्यांच्या भावावर बोलली आणि परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. या खेपेला त्यांनीच परसातले पेरू पिशवी भरून दिले, ते घेऊन आली. आणि कहर म्हणजे रोज सकाळी दुकान उघडताना ती सवयीने पाकांना निरोप पाठवायची, "पाक, कुठवर आलं?" न पाठवावा तर त्यांना संशय येईल, पाठवावा तर ते आणखी जोमाने लागतील. ते रोज उत्तर द्यायचे, "चाललंय, चाललंय."

"पोरांच्या समासावरून गल्ली डोक्यावर घेता," गिलांग म्हणाला, "आणि एका म्हाताऱ्यापुढे तुमची बोबडी वळते? वाचनालयवाले मला विचारतात, मी काय सांगू?"

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. दुपारी दुकान बंद करून ती निघाली ती थेट पाकांच्या स्वयंपाकघरात.

तिथे जेवायच्या टेबलावर तीन जुनाट मशीनं घरघरत होती. पाकांनी तिला बघितलं, चहा पुढे केला, "घे, पी," म्हणाले, आणि निखाऱ्यावर मटणाचे साते भाजणाऱ्यांकडे असतो तसला बांबूचा पंखा तिच्या हातात दिला. "त्या मधल्याला जरा वारा घाल गं. फार तापतंय." लारास वारा घालायला लागली. घालता घालता तिचा हात थांबला.

"पाक, जुनी प्रत कुणालाच नकोय."

पाकांनी पडद्यावरची नजर तिच्याकडे वळवली.

"कुणी वापरत नाही ती. बैठकीच्या आधीच आमचं ठरलं होतं. तुम्हाला सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझी तर मुळीच नाही." तिचे डोळे भरून आले. "मला माफ करा, पाक."

"ठाऊक आहे की," पाक म्हणाले. "तू 'हलकं' म्हणालीस तेव्हाच कळलं. एवढा ठोंब्या वाटलो मी?"

"अहो, मग काम कशाला सुरू केलंत?"

"आणि काय करू? आपणहून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, म्हातारा रुसला. मग माझी समजूत काढायला तुम्हीच ती प्रत ठेवून घेतली असती. म्हटलं, लारास येईल, सांगेल सरळ. दोनदा आलीस आणि मिरच्यांचे भाव सांगून गेलीस." त्यांनी चष्मा काढला. "डोळे आग आग होतात गं. मला काय हौस आहे?"

"म्हणजे एवढे दिवस आम्ही तुम्हाला जपतोय आणि तुम्ही आम्हाला?"

"आणि प्रिंटर बिचारे बंद!"

दोघं हसत सुटली. हसता हसताच पाकांनी एकेक करून तिन्ही मशीनं बंद केली. स्वयंपाकघर एकदम शांत झालं. ती शांतता लारासला सोसेना. "पाक, आता मदतीची पुस्तिका तुम्ही बघा ना. फार मोठं काम आहे ते, खरंच."

"खोटं काम नको देऊस मला," पाक म्हणाले. ते रागावले नव्हते. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, तिकडे बघत ते म्हणाले, "ही गेल्यापासून चार वर्षं घरात सकाळी पहिला शब्द येतो तो तुझा. 'पाक, कुठवर आलं?' मुलगी रविवारी फोन करते बाताम बेटावरून, पण ते रविवारचं झालं. आता सकाळी मला कोण काय विचारणार, लारास?"

इतकं उघड आमच्याकडे कुणी म्हातारा बोलत नाही. लारासचं काळीज हललं. "मी विचारीन," ती म्हणाली.

"काय विचारशील? काम तर संपलं."



रोजे लागायच्या आत सातवी आवृत्ती निघाली. वाचनालयांचे प्रिंटर कुरकुरत का होईना, पण पानं टाकायला लागले. गिलांगने गटावर आनंदाने नाचणारी चित्रं पाठवली. पाकांनीही "अल्हमदुलिल्लाह" लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लारासने दुकान उघडलं, फोन हातात घेतला, "पाक" एवढं लिहिलं आणि तिथेच अडकली. पुढे काय लिहायचं? अकरा वर्षांत या माणसाला तिने कामाशिवाय काही विचारलंच नव्हतं. सकाळी ते काय खातात? गुडघे दुखतात का? फोटोतल्या त्या बाईच्या हातचं जेवण लारास कितीदा जेवली होती, आणि तिचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. सगळे जण तिला 'बू मर्सुदी'च म्हणत आले. बू म्हणजे आई, पुढे नवऱ्याचं नाव लावलं की झालं. लारासला स्वतःची मनापासून लाज वाटली.

शटरपाशी दोन पोरं प्रबंध घेऊन उभी होती. "समोरच्या दुकानात जा. आज मी नाही," म्हणून तिने शटर ओढलं.

पाक आपल्या घराच्या पायरीवर बसले होते. फोन मांडीवर होता. "काय गं, काय काम काढलंस?"

"काम नाही काही," लारास त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. "पाक, बूंचं नाव काय हो होतं? त्यांचं स्वतःचं?"

पाकांनी मांडीवरचा फोन बाजूला ठेवला.

"रुसमिनी," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "रुसमिनी. चार वर्षांत हे नाव तोंडातून निघालं नाही गं माझ्या. काढणार कुणासमोर?"

त्यांचे डोळे वाहू लागले, लारासचेही. पाकांनी नेसलेल्या सारोंगच्या टोकाने तोंड पुसलं आणि तिला जागा द्यायला ते बाजूला सरकले. "अशी वर ये, नीट बस. रुसमिनीचं सांगायचं म्हणजे वेळ लागेल."