मुकादमाला पाजलेलं कॅल्शियम

"गाठ डाव्या किडनीची आहे. आणि रक्तात कॅल्शियम फार वाढलंय," सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवत डॉक्टर मॅडम म्हणाल्या. नगरच्या जनावरांच्या दवाखान्यात, टेबलावर माझा कुत्रा मुकादम आडवा पडला होता. कॅल्शियम हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं.

राहात्याला मी पेरूच्या बागा उक्त्या घेते, फळ तोडून बाजारात विकते. धंदा एकटीने उभा केला. एकदा बोललेल्या भावावरून मी खाली येत नाही, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. तोडणीच्या बायकांमागे हा कुत्रा दिवसभर फिरायचा, म्हणून त्यांनीच त्याचं नाव मुकादम ठेवलं.

उन्हाळ्यात तो बादलीभर पाणी पिऊन पुन्हा मागायला लागला. सारखा मुतायचा. बायका हसायच्या, "ताई, मुकादमाला शुगर झाली का काय?" मग खाणं सुटलं, शी होईना, मागचे पाय लटपटायला लागले. गावात जनावरांना औषध देणाऱ्या एकाला बोलावलं.

"कमजोरी हाय, ताई. कॅल्शियम कमी पडलंय. व्यालेली म्हैस बसली की काय देतो आपण?"

त्याने इंजेक्शन दिलं, वर पाजायला बाटली. रक्त तपासायचं नाव काढलं नाही. त्यानंतर मुकादम उठेचना.

मॅडमनी समजावलं. रीनल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचा कर्करोग. काही गाठी असं द्रव्य सोडतात की हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. त्याला हायपरकॅल्सेमिया म्हणतात. मग किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती तहान. अंगातली ताकदही जाते.

"मग काढून टाका ती किडनी. दुसरी आहे ना?"

"एक्स-रेत फुफ्फुसांवरही डाग आहेत, ताई. सलाईनने कॅल्शियम खाली आणू. थोडे दिवस बरे जातील."

सलाईन चालू असताना शेळी घेऊन आलेले शेवगावचे एक आजोबा म्हणाले, "कुत्र्यापायी एवढं कुनी करतं व्हय?"

"मी करते!" मी खेकसले. शेळीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, हे मला नंतर दिसलं.

घरी आल्यावर मुकादम बांधापर्यंत चालला. बायका त्या दिवशी हसल्या नाहीत. पुन्हा बसला तो बसलाच.

त्या औषधवाल्याला मी भर चौकात झाडलं. "मला काय म्हाईत आत गाठ हाय?" म्हणाला. गाठ त्याच्यामुळे नव्हती, हे मॅडमनी सांगितलं होतं. पण आधीच वाढलेल्यात त्याने भर घातली. त्यात मुकादमाचे जे दिवस गेले, ते मी कोणाकडे मागू? माझा राग गेलेला नाही.

तुमचा कुत्रा एकाएकी फार पाणी प्यायला लागला, तर आधी रक्त तपासून घ्या. तोवर अंदाजाने कोणाला कॅल्शियम देऊ देऊ नका. मॅडमनी खोटी आशा लावली नाही, त्यांचे उपकार मी मानते.

शेवटच्या सकाळी मी बादली त्याच्या तोंडाशी नेली. त्याने मान फिरवली.

"वाटीभर पी रे," मी म्हणाले. "बरं, एक घोट. बरं, नुसती जीभ तरी लाव."