ताई सायकलवर निघायची तेव्हा

आज सकाळी नात सायकलवर निघाली. आधी हातांना, मानेला सनस्क्रीन चोपडलं आणि मला ताई आठवली.

मंडळी, पन्नासच्या दशकात माझी थोरली बहीण मुलुंडहून भांडुपच्या शाळेत शिकवायला सायकलने जायची. आई ओरडायची, "उन्हात काळी पडशील गं, स्थळं कशी येतील?"

ताई म्हणायची, "नाही आली तर नाही. सायकल सोडणार नाही."

मग आईच तिच्या साडीवर बाबांचा लांब बाह्यांचा सदरा चढवायची, डोक्याला ओला पंचा बांधायची.

ताईला जाऊन बरीच वर्षं झाली. आज नात वळणापलीकडे गेली, तरी मी गॅलरीतच उभी होते. ताई एकदा दिसावी, एवढंच वाटत होतं.

तुम्हालाही कुणाला पुन्हा घरातून निघताना बघावंसं वाटतं का?