त्रिनिंगने शोधलेली खरी कॅसेट

इलोइलो शहरातल्या मोलो भागात त्रिनिंग गुम्बान शाळांचे गणवेश शिवायची. खिशावर शाळेचं चिन्ह लावणं हे तिचं खास काम. तीस वर्षांत आपलं एकही चिन्ह तिरकं गेलं नाही असं ती छातीठोक सांगायची, आणि ते खोटं म्हणायची हिंमत कुणी केली नव्हती.

तिचा नवरा पिद्योंग मालवाहू जहाजावर आचारी होता. बावीस वर्षांनी तो कायमचा घरी आला तो अर्धांगवायूचा झटका येऊनच. उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तो कुत्र्याकडे भिरकावून द्यायचा. तो हात मनापासून हलायचा तो एकाच गोष्टीसाठी. जहाजावर विरंगुळा म्हणून घेतलेला, हातात मावणारा व्हिडिओ गेम. त्यात एक शेत होतं. मुळे लावायचे, कोंबड्यांना दाणे टाकायचे, गाईचं दूध काढायचं. बटणं दाबता दाबता त्याच्या अंगठ्याला आपोआप व्यायाम व्हायचा.

जुलैच्या पुरात घरात गुडघाभर पाणी शिरलं. खेळाचं मशीन कपाटावर होतं म्हणून वाचलं. खेळाची कॅसेट टेबलाच्या खणात होती, ती भिजून बाद झाली.

त्रिनिंगने फोनवर नवी मागवली. ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं लिहिलं होतं, चित्र चकचकीत होतं. पिद्योंगने तीन आठवडे खपून शेत उभं केलं, गाय घेतली, तिचं नाव ‘निंग’ ठेवलं. त्यावरून त्रिनिंगने त्याच्या पाठीत धपाटाही घातला. आणि एके दिवशी नाश्त्यानंतर त्याने मशीन चालू केलं, तर शेत नाही, गाय नाही, काही नाही. खेळ पहिल्यापासून सुरू.

“गेली,” तो म्हणाला, आणि मशीन उशीखाली सारून भिंतीकडे वळला. चार दिवस त्याने हात हलवला नाही.

विक्रेत्याने उत्तर दिलं, “तुमचं मशीन जुनं आहे, मॅडम.” परत करायची मुदतही उलटून गेली होती.

“जुनं मशीन!” त्रिनिंग शिलाईचा दिवा ओढून कॅसेट घेऊन बसली. “बघतेच आता.”

पुरात बाद झालेली जुनी कॅसेट तिने शेजारी ठेवली. नव्या कॅसेटच्या कागदाची कड कात्रीने घाईत कापल्यासारखी होती. जुन्या कागदावर बारीक आकडा दाबून उमटवलेला होता, बोट फिरवलं की लागायचा. नव्यावर बोट सपाट सरकत होतं. जुनीचा स्क्रू तीन फाट्यांचा, नवीचा साधा, कुठल्याही दुकानात मिळणारा. तिने दोन्ही कॅसेटी उघडल्या. आत जुनीच्या हिरव्या पट्टीवर कंपनीचं नाव स्वच्छ छापलेलं. नवीत नुसता डांबरासारखा काळा थेंब.

“अगं बाई, हे तर माझ्या शिकाऊ पोरीनेसुद्धा शिवलं नसतं!”

दुसऱ्या दुकानातून मागवलेली कॅसेट तिने खोका फोडण्यापासून व्हिडिओ काढत उघडली. तीही बनावट. ती त्याच दिवशी तिने तक्रार करून परत पाठवली. मग ठरवलं, आधी फोटो, मग खरेदी. प्रत्येक विक्रेत्याला ती एकच मजकूर पाठवायची : कॅसेटची पुढची बाजू, मागची बाजू, खालची कड, आणि शेजारी कागदावर आजची तारीख व माझं नाव. पाच जण गप्प झाले. सहाव्याने लिहिलं, “घ्यायची तर घ्या, डोकं खाऊ नका.”

सातवी होती समोरच्या बेटावरच्या बाकोलोदची विल्मा देपोसोय, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. तिने अकरा फोटो पाठवले. त्रिनिंगने बाराव्याची वाट पाहिली नाही; सकाळची बोट पकडून तिने बाकोलोद गाठलं. पिशवीत मशीन, भिंग आणि स्क्रू काढायचं हत्यार.

बंदरावरच्या बाकावर तिने सगळं मांडलं तेव्हा विल्मा बघतच राहिली.

“मानांग,” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणत तिने विचारलं, “तुम्ही पोलिसात आहात का?”

“शिंपीण आहे. उघडू का?”

“उघडा की. शाळेत असताना वाढदिवसाला मिळाली होती मला. पण खोटी निघाली तर?”

“पुढच्या बोटीने रिकाम्या हाताने घरी जाईन. तुझ्यावर रागावणार नाही, पण घेणारही नाही.”

आकडा बोटाला लागला. स्क्रू तीन फाट्यांचा. पट्टीवर नाव स्वच्छ. त्रिनिंगने मशीनमध्ये घालून खेळ जतन केला, बंद केला, चालू केला. सगळं जागेवर.

“ही खरी,” ती म्हणाली, आणि विल्माला बळेबळे वाडगाभर बाचोय, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, खाऊ घातलं.

घरी मात्र पिद्योंगने तोंड फिरवलं. “पुन्हा... जाईल.”

त्रिनिंग त्याच्या खाटेवर बसली. स्वतः एक मुळा लावला. जतन केलं, बंद केलं, चालू केलं. “आहे बघ.” पुन्हा बंद, पुन्हा चालू. “आहे.” शिवायचे गणवेश तसेच पडले होते, बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण ती उठली नाही. दहाव्यांदा तिने दुसरा मुळा लावायला घेतला.

“तिथे... दगड आहे,” पिद्योंग वैतागून म्हणाला. “दे इकडे.”

मशीन त्याच्या हातात गेलं. अंगठा बटणावर बसला. त्रिनिंग गिऱ्हाइकाला बघायला गेली, आणि दाराशी तिला डोळे पुसताना त्या माणसाने पाहिलं तेव्हा म्हणाली, “कांदा.”

पहिल्या विक्रेत्याला तिने सोडलं नाही. दोन्ही कॅसेटींचे फोटो शेजारी शेजारी लावून तिने फोनवरच्या त्याच्या दुकानाच्या पानाखाली मत लिहिलं. त्याने धमकी दिली. तिने आणखी चार फोटो चढवले. दुकान बंद झालं आणि दुसऱ्या नावाने उघडलं. पण फोटोत कॅसेट धरणाऱ्या अंगठ्याचं नख तेच होतं, मधोमध चिरलेलं. त्रिनिंगने तिथेही मत लिहिलं. मग तिसऱ्या नावाखालीही.

ती मतं वाचून आता अनोळखी माणसं खरेदीआधी तिला फोटो पाठवून विचारतात, “मानांग, ही खरी का?” ती शिलाई थांबवून दिव्याखाली बघते. उत्तर बहुतेकदा “नाही” असतं, आणि का नाही तेही ती लिहून कळवते.

नाताळच्या प्रार्थनेला पिद्योंगने शर्टाची वरची तीन बटणं स्वतः लावली. खालची दोन तिने लावली, कारण चर्चची घंटा वाजली होती.